क्लासिक्स की ग्रँड टूर? स्फोटक रायडरपुढचा निर्णय

२६ जुलै २०१९. टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा एकोणिसावा टप्पा, इझेरानचा घाट: १२.९ किलोमीटर चढ, माथा २,७७० मीटरवर. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी घातलेला फ्रान्सचा ज्युलियन अलाफिलिप मागे पडू लागला आणि कोलंबियाचा एगान बर्नाल पुढे निघून गेला. पलीकडच्या रस्त्यावर गारपीट आणि चिखलाचा लोंढा आल्यामुळे शर्यत थांबवली, घाटमाथ्यावरची वेळ धरली. अलाफिलिपने त्या वर्षी एकूण १४ दिवस पिवळी जर्सी घातली होती. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा तो एकूण पाचवा आला.

१९८५ मध्ये बर्नार्ड हिनो जिंकला, त्यानंतर एकाही फ्रेंच रायडरला टूर जिंकता आलेली नाही. त्यामुळे अलाफिलिपने आता टूरचाच ध्यास घ्यावा असं अनेकांना वाटणं साहजिक होतं. त्याने तसं केलं नाही. माझ्या मते त्याचा निर्णय बरोबर होता. पण तोच निर्णय प्रत्येक स्फोटक रायडरला, म्हणजे थोड्या वेळात प्रचंड ताकद काढणाऱ्याला, लागू होईल असं मात्र नाही. तुम्ही स्वतः अशा वळणावर असाल, किंवा कुणाला सल्ला देणार असाल, तर दोन्ही रस्ते नीट पाहायला हवेत: एका दिवसाच्या मोठ्या शर्यती, म्हणजे क्लासिक्स, आणि तीन आठवड्यांच्या ग्रँड टूर, म्हणजे इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि स्पेनची व्हुएल्टा.

फ्लेश वालोन या क्लासिकचा शेवटचा चढ म्हणजे बेल्जियममधला म्यूर द वी. लांबी १.३ किलोमीटर, सरासरी चढ साडेनऊ टक्क्यांच्या पुढे. तीन मिनिटांच्या आत सगळं संपतं. तिथे लागते ती श्वास पुरत नसतानाही पायातून निघणारी ताकद. अलाफिलिपकडे ती भरपूर होती. तो तिथे तीनदा जिंकला. इझेरानसारख्या घाटात मात्र अर्ध्या तासाहून जास्त वेळ एकाच लयीत, विरळ हवेत पेडल मारायचं असतं, आणि तेही अठरा दिवसांची शर्यत पायात साठलेली असताना.

वजनाचा हिशोब साधा आहे. ६२ किलोचा रायडर किलोमागे ६ वॉट ताकद काढतो, म्हणजे एकूण ३७२. तेवढेच वॉट राखून दोन किलो उतरवले तर किलोमागे ६.२ होतात. मोठ्या घाटात हा फरक फार मोठा. अडचण अशी की उतरणारं वजन नुसती चरबी नसते. स्नायूही झिजतो, आणि ज्या झटक्यावर तुमचं पोट भरतं तो झटकाच बोथट होऊ शकतो. या सौद्यातला सगळ्यात महाग भाग मला हाच वाटतो. वर वेळापत्रक आहेच: मार्च-एप्रिलमध्ये सान रेमो, आम्स्टेल, लिएज या क्लासिक्ससाठी ऐन भरात असलेला रायडर मे किंवा जुलैच्या तीन आठवड्यांसाठी तितकाच ताजा राहणं कठीण.

अलाफिलिपच्या बाबतीत टाइम ट्रायलचा, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लढायच्या टप्प्याचा, दोष नव्हता. २०१९ मध्येच पो शहरातल्या २७.२ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने आदल्या वर्षीचा टूर विजेता गेराँट थॉमसला १४ सेकंदांनी हरवलं. तूरमालेच्या घाटमाथ्यावर तो दुसरा आला. मग कमी काय पडलं? तिसऱ्या आठवड्यात, दोन हजार मीटरच्या वर, तो रोज थोडा थोडा मागे पडत गेला. गालिबिएर घाटात मागे पडला, पण उतारावर जिवावर उदार होऊन पुढच्यांना पुन्हा गाठलं. दुसऱ्या दिवशी इझेरानला तेही जमलं नाही. शेवटी व्हाल थोरांसच्या चढावर दुसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर घसरला. सराव आणि उंचीवरच्या शिबिरांनी यात सुधारणा होते, पण त्यासाठी कारकिर्दीतली दोन-तीन ऐन उमेदीची वर्षं द्यावी लागतात. त्याने ती दिली नाहीत. २०२० मध्ये इमोलाला आणि २०२१ मध्ये लूव्हनला, दोन्ही वेळा एकट्याने सुटून, तो विश्वविजेता झाला. विश्वविजेत्याच्या त्या दोन इंद्रधनुषी जर्सींच्या बदल्यात टूरमधलं चौथं स्थान मी तरी घेतलं नसतं.

दुसऱ्या बाजूचे दाखलेही खरे आहेत. आलेहांद्रो व्हाल्व्हर्देने लिएज चारदा आणि फ्लेश पाचदा जिंकली, आणि २००९ ची व्हुएल्टाही जिंकली, त्यात एकही टप्पा न जिंकता. शॉन केली तर पारी-रूबे ही दगडी रस्त्यांवरची क्लासिक जिंकणारा माणूस; त्याने १९८८ ची व्हुएल्टा घेतली. अगदी अलीकडचा टॉम पिडकॉक: स्त्रादे ब्यांके आणि आम्स्टेल या एकदिवसीय शर्यतींचा विजेता, माउंटन बाइकचा दोन वेळचा ऑलिंपिक विजेता, शरीराने हलका. टूरमध्ये तो पहिल्या दहातही येत नव्हता. २०२५ च्या व्हुएल्टात मात्र व्हिंगेगार्ड आणि अल्मेडाच्या मागे तिसरा आला आणि बोला देल मुंडोच्या अवघड चढावरही ती जागा राखली. (टूर आणि क्लासिक्स दोन्ही जिंकणाऱ्या पोगाचारचं उदाहरण इथे मुद्दाम घेत नाही. त्याच्या मापाने स्वतःला मोजणारा रायडर स्वतःवर अन्याय करतो.)

यात एक गोष्ट लक्षात घ्या: तिघांनाही हे यश व्हुएल्टात मिळालं. तिथे छोटे, खडे चढ पुष्कळ असतात, टप्प्याच्या शेवटी भिंतीसारखा रस्ता येतो आणि स्फोटक रायडरला आपलं हत्यार वापरता येतं. शिवाय आता ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असल्याने वसंतातल्या क्लासिक्स सोडाव्या लागत नाहीत. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पण घाटाचा राजाच पुण्यात पहिला येईल असं नसतं. तीन आठवड्यांच्या शर्यतीत तर हे अंतर कितीतरी वाढतं.

म्हणून माझा सल्ला असा. तुमचं वजन साठ किलोच्या बरंच वर असेल आणि ते उतरवल्यावर तीन मिनिटांचा झटका कमी होत असेल, तर ग्रँड टूरचा नाद सोडा आणि टप्पे जिंका. तुम्ही मुळातच हलके असाल, टाइम ट्रायलमध्ये मिनिटभराहून जास्त गमावत नसाल आणि संघ घाटात दोन साथीदार द्यायला तयार असेल, तर एक व्हुएल्टा पूर्ण ताकदीने लढा. वसंत ऋतूला हात लावू नका. त्या व्हुएल्टाच्या सतराव्या-अठराव्या टप्प्यावर, लांब घाटात, पहिल्या आठवड्याइतके वॉट निघतात का ते पाहा. निघाले तर पुढच्या वर्षी टूरचं बोलू.