हाकेला येणाऱ्या कुत्र्याची 'हमी' आणि माझे ₹27,000

कुत्रा हाक मारताच परत येईल अशी लेखी हमी देणाऱ्या एका प्रशिक्षकाने जुळे सोलापुरात माझ्याकडून ₹27,000 घेतले: नोंदणीचे ₹2,500, निवासी प्रशिक्षणाचे ₹18,000 आणि 'विशेष पट्ट्या'चे ₹6,500. आगाऊ रक्कम, 'आजच ठरवल्यास सवलत', पैसे वैयक्तिक खात्यावर. हा प्रकार कसा चालतो हे आपण जाणताच. माझा राणा कारवानी आहे. या जातीचा कुत्रा नजरेने शिकार हेरतो आणि ससा दिसला की सुसाट सुटतो. विजापूर रस्त्यावर तो ट्रकखाली येता येता वाचला होता, त्यामुळे मी घाई केली, आणि माझ्या जागी दुसऱ्या कोणीही तेच केले असते.

प्रात्यक्षिकाचा दिवस आठवला की आजही संताप येतो. राणा प्रत्येक हाकेला आला, पण शेपूट पायांत घालून, कान मागे पाडून. आणि प्रत्येक हाकेआधी त्या माणसाचा उजवा हात खिशात जात होता. राणाच्या गळ्यात रुमाल का, असे मी विचारलेही होते. "उन्हाने पट्टा तापतो, मान भाजू नये म्हणून," असे तो म्हणाला, आणि सोलापूरचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला ते खोटे का वाटावे? रुमालाखाली विजेचा झटका देणारा पट्टा होता आणि खिशात त्याचा रिमोट. घरी आणल्यावर मानेवर दोन ओल्या जखमा दिसल्या. आता हाक मारली की राणा पलंगाखाली शिरतो.

कुत्र्याचे शिक्षण बंद दाराआड होत असेल, तर पैसे देऊ नका. दहा मीटरचा दोर तुमच्या हातात हवा, हाकेला आल्यावर दर वेळी आवडता खाऊ मिळायला हवा, आणि रागावण्यासाठी तर त्याला कधीही बोलावू नये. शंभर टक्के हमी कोणताही प्रामाणिक प्रशिक्षक देत नाही.

पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' असे सांगून मला बाहेर बसवले, आणि लेखी अर्ज घ्या असे म्हटल्यावर साहेब बंदोबस्ताला गेल्याचे कळले. जखमांची छायाचित्रे दाखवली, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, त्यासाठी कशाला धावपळ करता, असे मलाच ऐकवले गेले. पशुवैद्यकीय कार्यालयाने पोलिसांकडे बोट दाखवले आणि पोलिसांनी परत पशुवैद्यकीय कार्यालयाकडे. मुक्या जनावराला विजेचे झटके देणाऱ्याविरुद्ध साधी नोंद करायला एकही माणूस तयार होऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क करता येते आणि 1915 या क्रमांकावर ग्राहकांना मार्गदर्शन मिळते, हेही मला यांच्यापैकी कोणी सांगितले नाही. ते मी स्वतः शोधले.

आयोगात माझा अर्ज दाखल झाला आहे. याच पद्धतीने कोणाचे पैसे गेले असल्यास हमीपत्र, यूपीआयची नोंद आणि पशुवैद्यांचा जखमांचा दाखला जपून ठेवा, आणि तो पट्टा रागाने फेकून देऊ नका. पुरावा म्हणून तोच लागतो.