मांजरीचा जाळीदार जॅकेट-हार्नेस: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घेतलेला हा हार्नेस, म्हणजे मांजरीला दोरी लावून बाहेर न्यायचा अंगपट्टा, पावसाळा लागला तरी जवळजवळ रोज वापरात आहे. आमची ठकी साधी देशी मांजर, वजन चार किलोच्या आसपास, पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. आधी निकाल सांगते: वस्तू चांगली आहे, पैसे वसूल. पण मांजर त्यात रमेल की नाही हे घरात आपण किती वेळ देतो त्यावर ठरतं, आणि त्याबद्दल पाकिटावर एक ओळही छापलेली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

हार्नेस जॅकेटसारखा आहे. गळ्याशी वेल्क्रो, छातीभोवती पट्टा, बकल आणि दोरीची कडी पाठीवर. कडी पाठीवर असणं फार महत्त्वाचं. गळपट्ट्याला दोरी कधीच बांधू नये, कारण ओढ बसली की सगळा जोर गळ्यावर येतो. मांजरीची कॉलरबोन खांद्याच्या हाडांना पक्की जोडलेली नसते, स्नायूंमध्येच असते. त्यामुळे डोकं जाईल तिथून ती बाकीचं अंगही सहज काढते. आणि सुटायचं असेल तेव्हा मांजर पुढे धावत नाही, अंग चोरून मागे सरकते.

म्हणून बाहेर नेण्याआधी घरात एक चाचणी घ्याच. दोरी लावा, मांजरीच्या समोर बसा, दोरी हलकेच स्वतःकडे घ्या. ती मागे रेटा देईल. त्यात पुढच्या पायाचं कोपर पट्ट्यातून निसटू लागलं तर हार्नेस सैल आहे. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जावीत, जास्त नाही. माप घेताना पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप फिरवा. ठकीची छाती 35 सेंमी भरली. वजनावरून किंवा नजरेच्या अंदाजाने साइझ निवडू नका, जाड केसांत फसगत होते.

आता सवय लावण्याबद्दल. पहिले काही दिवस हार्नेस तिच्या ताटलीशेजारी नुसता पडून होता. ती हुंगायची, त्यावर बसायची, तिथेच जेवायची. वेल्क्रोच्या चर्रर्र आवाजाला बहुतेक मांजरी दचकतात. म्हणून मी आधी दुसऱ्या खोलीत तो उघडायचे आणि लगेच तिला खाऊ द्यायचे, मग हळूहळू अंतर कमी केलं. त्यानंतर फक्त गळ्यातून घालून काढणं आणि सगळ्यात शेवटी बकल.

बकल पहिल्यांदा लागलं तेव्हा ठकी सोफ्यापाशी एका कुशीवर कलंडली आणि हलेचना. डोळे उघडे, शेपटी जमिनीला चिकटलेली. नवख्या माणसाला वाटतं हिला काहीतरी लागलं. पण अंगाभोवती अनोळखी दाब आला की पुष्कळ मांजरी अशाच आडव्या होतात. अशा वेळी तिला उचलून उभं करू नका, दोरीने तर मुळीच ओढू नका. मी हातभर अंतरावर उकडलेल्या बांगड्याचा बिनमिठाचा तुकडा ठेवला. ती आधी मान ताणून बघत राहिली, मग पोटावर सरपटत गेली, आणि खाताना आपसूक चार पायांवर आली. तेवढ्यावरच हार्नेस काढला. हे सगळं जेवणाआधी करायचं. भरल्या पोटाच्या मांजरीला आपल्या बांगड्याचं काय कौतुक!

घरात ती शेपटी वर करून फिरू लागल्यावरच बाहेर नेलं. दारातून स्वतःच्या पायांनी मात्र कधीच नाही, नेहमी कॅरिअरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत. दार उघडं दिसलं की बाहेर जायचं, हे एकदा तिच्या डोक्यात बसलं तर मग दार उघडण्याची धास्तीच. सकाळी लवकर, भटकी कुत्री कमी असताना, पार्किंगच्या कोपऱ्यात कॅरिअर उघडा ठेवून बसते. घाबरली की ती आपली आपण आत जाते. कुत्र्यासारखं चालणं होईल ही अपेक्षा सोडा. एका स्कूटरचं चाक ती इतकं मन लावून हुंगते की माझे पाय भरून येतात, पण तिची फेरी ती तीच. कान मागे, बुबुळं मोठी, अंग जमिनीलगत असं दिसलं की मी परत फिरते.

दोरी साधी, दीड मीटरची घ्या. आपोआप गुंडाळणारी नको. तिची जड मूठ हातातून सुटली तर खडखडत मांजरीच्या मागे येते आणि ती आणखी बिथरते.

बाहेर नेण्याआधी रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरींच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची एकत्रित) लस हवीच. पिसवा-गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारून, मांजरीचंच आणा. कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरीच्या जिवावर बेतू शकतं. सोसायटीच्या बागेतली कण्हेर आणि सायकसही विषारी, तिथून लांबच राहायचं.

तक्रारी दोन. वेल्क्रोत केस अडकून पकड ढिली होते, जुन्या टूथब्रशने सारखं साफ करावं लागतं. आणि जाळीखालचं अस्तर पावसाळी हवेत वाळता वाळत नाही. मे महिन्यात ते गरमही होतं, त्यामुळे ऊन चढायच्या आत परत. शिलाई आणि बकल मात्र अजून जसंच्या तसं.

बाहेरची चटक लागल्यावर ठकी दारापाशी गळा काढायची. ओरडल्यावर न्यायचं नाही, ठरल्या वेळीच न्यायचं, हे पाळल्यावर ते बरंच कमी झालं. पाहुणे आले की पलंगाखाली शिरणारी मांजर असेल तर तिला बाहेर नेण्याचा आग्रह धरू नका. तिला खिडकीला जाळी आणि शेजारी एक उंच फळी जास्त आवडेल. पिल्लू असेल तर त्याच्या आत्ताच्या मापाचा हार्नेस काही महिन्यांत बदलावाच लागेल.