क्रिकेटमधून बेसबॉलला आलेल्या पोराला उभं कुठे करायचं?

ज्या गावाच्या होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली, तिथलं पोरगं आधी क्रिकेटच खेळणार. इंदुरात बेसबॉलला येणारी बहुतेक मुलं चिमणबागेत नाहीतर कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर टेनिस बॉल बडवून आलेली असतात. त्यामुळे घरच्यांचा हिशोब ठरलेला: बोलर असेल तर पिचर (बॅटरला चेंडू फेकणारा), कीपर असेल तर कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो पकडणारा) आणि काहीच धड येत नसेल तर लांब उभा कर. भाच्याच्या वेळी मीही हाच हिशोब मांडला आणि तोंडावर आपटलो.

आधी पिचर, कारण सगळ्यांना तेच व्हायचं असतं. बोलिंगमध्ये चेंडू सोडताना वाकवलेलं कोपर झटक्याने सरळ करता येत नाही, पिचिंगमध्ये ते वाकवूनच झटका द्यायचा असतो. म्हणजे बोलरच्या हातात घटवलेली ॲक्शन इथे आडच येते. त्यापेक्षा बाउंड्रीवरून थेट स्टंपवर फेकणारा पोरगा पिचरच्या जवळचा. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने करारबद्ध केलेले आपले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल दोघेही भालाफेक करणारे होते.

पण हात चांगला आहे म्हणून रोज फेकायला लावू नका. वाढत्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात, आणि दुखणं आधी कोपरात नाहीतर खांद्यात बसतं. अमेरिकेतल्या लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या) नियमांत ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (म्हणजे पिचरने फेकलेले चेंडू), आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस सुट्टी. आपल्याकडच्या सरावात कुणी मोजत बसत नाही. तुम्ही वही घेऊन बसा, लोक हसले तर हसू द्या.

आता कॅचर. भाचा कीपर, म्हणून मला वाटलं जागा तयारच आहे. पण कीपरला दोन्ही हातांत ग्लोव्ह असतात आणि तो दोन्ही हात पुढे नेतो. कॅचरचा ग्लोव्ह एकाच हातात, फेकायचा हात उघडा, आणि तो पाठीमागे नाहीतर पायाआड लपवायचा. भाच्याचा हात सवयीने पुढे जायचाच. दुसऱ्याच आठवड्यात बॅटची कड लागून वळलेला चेंडू उघड्या अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं आणि ताई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तरीही पिचर की कॅचर असा पेच असेल तर दोन गोष्टी बघा. एक, बडबड. बाकीचे आठ जण आत तोंड करून उभे असतात, सगळं मैदान समोर दिसतं ते एकट्या कॅचरला. बेस (पळताना गाठायचा थांबा) सोडून पळणारा त्याला दिसला आणि तो ओरडला नाही, तर उपयोग काय? दुसरं, थ्रो. मोठ्या मैदानावर होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) सेकंड बेस जवळजवळ ३९ मीटर, लहान मुलांच्या ६० फुटी बेसच्या मैदानावर २६ च्या आसपास. पावलांनी मोजा आणि बसल्या जागेवरून उठून फेकायला सांगा. मेमधल्या उन्हात मास्क, छातीचं पॅड आणि पायातले गार्ड चढवून हे करायचंय, तेही लक्षात असू द्या. एकाच दिवशी दोन्ही जागा मात्र नकोत. चार इनिंग (दोन्ही संघांची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग) कॅचर राहिलेल्याला लिटल लीगमध्ये त्या दिवशी पिच करू देत नाहीत, ते उगाच नाही.

कीपरचे मऊ हात खरे कामी येतात फर्स्ट बेसवर, म्हणजे बॅटर मारून आधी पळतो त्या थांब्यावर. सगळ्यांचे वेडेवाकडे, टप्पा पडून येणारे थ्रो तिथेच गोळा करायचे असतात. भाचा आता तिथे आहे. उंच पोरगा असेल तर आणखी चांगलं, आणि डावखुरा असेल तर फार विचारच करू नका: सेकंड, थर्ड किंवा शॉर्टस्टॉपवरून (सेकंड-थर्डच्या मधल्या जागेवरून) फर्स्टला फेकायला त्याला अख्खं अंग फिरवावं लागतं. त्याला फर्स्ट, पिचर आणि आउटफिल्ड (बेसच्या पलीकडचं लांबचं मैदान) एवढंच मोकळं.

शॉर्टस्टॉप? पॉइंटला उभा राहून चेंडूची वाट न बघता त्याच्यावर धावून जाणारा पोरगा. असा असेल तर कोचने त्याला आधीच हेरला असेल.

राइट फील्डला (आउटफिल्डच्या उजव्या बाजूला) टाकलं की आईबापांचे चेहरे पडतात. लहान मुलांच्या मॅचमध्ये तिकडे चेंडू कमी जातात हे खरंच. पण थर्ड बेसपर्यंतचा लांब थ्रो तिथूनच करायचा असतो, आणि इनफिल्डमधून (बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानातून) फर्स्ट बेसकडे थ्रो गेला की तो निसटेल म्हणून राइट फील्डरने मागे धावायचं असतं. एक तास कडेला बसून तेवढंच बघा, तुमचा पोरगा दर वेळी धावतो का. धावत असेल तर महिन्याभराने कोचला सांगा, सर, ह्याला आता आत घेऊन बघा.