योनीमार्गातलं इस्ट्रोजेन क्रीम : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पाळी बंद होऊन मला चार वर्षं झाली. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने दचकून जाग येणं, हे सगळं पहिल्या दोन वर्षांत भोगून झालं आणि हळूहळू ओसरलं. सुटले एकदाची, असं वाटलं. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

सुरुवात कोरडेपणाने झाली. मग आग आणि खाज. बसल्यावर कपड्याची शिवण टोचायची. लघवी झाली की लगेच बाहेर येता यायचं नाही, भिंतीला हात टेकून मिनिटभर उभी राहायचे, आग उतरेपर्यंत. एका वर्षात तीन वेळा लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि तिन्ही वेळा अँटिबायोटिक्सचा कोर्स घ्यावा लागला. नवऱ्याशी जवळीक तर जवळपास थांबलीच होती. पहिल्याच क्षणी इतकं दुखायचं की पुढच्या वेळी त्याने नुसता हात धरला तरी अंग आखडायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. तो बिचारा आपलंच काही चुकलं असं समजून गप्प झाला होता.

ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी तपासलंच नाही. ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणाले आणि बुरशीवरचं मलम लिहून दिलं. त्याने आग दुप्पट झाली. या वाक्याचा मला आजही राग येतो, कारण त्यापायी माझे सात-आठ महिने वाया गेले. वय झालं हे खरं, पण उपाय आहे हेही तितकंच खरं होतं आणि ते सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

दुसऱ्या डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी नीट तपासलं, पिवळसर कागदाची एक छोटी पट्टी आतल्या भिंतीला टेकवली आणि रंग बदललेली ती पट्टी माझ्यासमोर धरली. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), ६ च्या आसपास होता. पाळी चालू असलेल्या वयात तो साधारण ३.५ ते ४.५ असतो. मग त्यांनी समजावून सांगितलं. इस्ट्रोजेन असतं तेव्हा आतलं अस्तर जाड आणि ओलसर राहतं, त्याच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते. त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे चांगले जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे बाहेरच्या जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. इस्ट्रोजेन गेलं की ही सगळी साखळी तुटते. मूत्रमार्गाचं तोंड आणि मूत्राशयाचा खालचा भागही याच संप्रेरकावर पोसलेला असल्यामुळे लघवीचे त्रास त्याच्याबरोबरच येतात. माझे तीन जंतुसंसर्ग आणि माझा कोरडेपणा हे एकच दुखणं आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. म्हणूनच २०१४ मध्ये तज्ज्ञांनी याचं नाव बदलून ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’, थोडक्यात जीएसएम, असं केलं. वाफा काळाबरोबर कमी होतात, पण हा त्रास आपोआप जात नाही, उपचार केला नाही तर वाढतच राहतो.

त्यांनी इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका सौम्य प्रकाराचं, क्रीम लिहून दिलं. मी घरी आणलं, खोक्यातलं माहितीपत्रक उघडलं, वाचलं आणि ट्यूब कपाटात ठेवून दिली. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, स्मृतिभ्रंश... सगळं त्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. पाच आठवडे मी ट्यूबला हात लावला नाही.

शेवटी तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे गेले. जी जी बाई हा कागद वाचून घाबरली असेल तिला त्यांचं उत्तर कळावं, म्हणून इथे लिहिते. त्या भीतीचं मूळ आहे २००२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा मोठा अभ्यास. त्यात बायका रोज तोंडाने गोळी घेत होत्या, तीत ०.६२५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन आणि सोबत प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरोनसारखं दुसरं संप्रेरक. म्हणजे औषध सगळ्या शरीरात फिरत होतं. त्यांच्यात यातले बरेच धोके वाढलेले दिसले आणि त्यावरून जो इशारा तयार झाला तो पुढे योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या औषधांवरही तसाच्या तसा छापला गेला. मात्रेतला फरक त्यांनी मला आकड्यांत दाखवला. योनीमार्गात ठेवायच्या छोट्या गोळीत १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडिऑल, हाही इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, असतं. पहिले दोन आठवडे रोज एक आणि नंतर आठवड्यातून दोन, असं वर्षभर वापरलं तरी एकूण बेरीज सव्वा मिलिग्रॅमही होत नाही. तोंडाने घ्यायची एकच गोळी साधारण एक मिलिग्रॅमची असते, आणि ती रोज घ्यायची असते. अशा कमी मात्रेत रक्तातलं इस्ट्रोजेन पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीतच राहतं. त्याच अभ्यासाच्या निरीक्षण गटातल्या, योनीमार्गात इस्ट्रोजेन वापरणाऱ्या बायकांची माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, हृदयविकार, गुठळ्या यांचा धोका वाढलेला दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने तो चौकटीतला इशारा काढण्याचं पाऊल उचललं. माझ्या खोक्यातला कागद अर्थातच जुना होता.

त्या रात्री सुरुवात केली.

माझ्या क्रीमच्या एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम इस्ट्रिऑल असतं आणि एका वेळची मात्रा अर्धा ग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. ॲप्लिकेटर, म्हणजे क्रीम आत सोडायची प्लॅस्टिकची नळी, ट्यूबच्या तोंडावर फिरवून बसवायचा, दट्ट्या खुणेच्या रेघेपर्यंत वर सरकेल इतकं क्रीम भरायचं, उताणं झोपून गुडघे वर घ्यायचे आणि हळूच आत सरकवायचा. पहिल्या रात्री माझा हात थरथरत होता. प्लॅस्टिकची कड कोरड्या जागी घासली आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून ॲप्लिकेटरच्या टोकालाच थोडं क्रीम लावून घेऊ लागले, मग तो सहज सरकू लागला. वापरून झाला की कोमट पाण्याने आणि साबणाने धुवायचा, उकळत्या पाण्यात टाकायचा नाही. पहिले तीन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा, असं मला सांगितलं होतं. प्रत्येक औषधाची मात्रा आणि वेळापत्रक वेगळं असतं, त्यामुळे माझं वेळापत्रक कुणी उचलू नका.

पहिला आठवडा वाईट गेला, हे लपवत नाही. क्रीम लावलं की दहा-पंधरा मिनिटं चुरचुरायचं, सकाळी पांढरं पाझरायचं, स्तन जरा हुळहुळे झाले होते. बंदच करावं असं दोनदा मनात आलं. सुरुवातीला अस्तर पातळ असतं, त्यामुळे औषध थोडं जास्त शोषलं जातं आणि अस्तर जाड होत गेलं की शोषणं कमी होतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. तिसऱ्या आठवड्यात स्तनांचं दुखणं गेलं, चुरचुरही गेली.

पण एक गोष्ट सुधारत नव्हती. आतला कोरडेपणा कमी झाला तरी तोंडाशी, जिथे खरी आग होती, तिथे फरक पडेना. मी तक्रार केली तेव्हा कळलं की मी ॲप्लिकेटर पार आतपर्यंत नेऊन सगळं क्रीम वर सोडत होते. डॉक्टरांनी पद्धत बदलून दिली. ठरलेल्या अर्ध्या ग्रॅममधलंच थोडं क्रीम बोटावर घ्यायचं, मटारच्या दाण्याहून लहान, आणि ते योनीच्या तोंडाशी व मूत्रमार्गाच्या भोवती हलकेच लावायचं. उरलेलं आत, पण फार खोल नाही. या एका बदलाने जितका फरक पडला तितका दुसऱ्या कशाने पडला नाही. दहा दिवसांत भिंतीला हात टेकून उभं राहणं थांबलं. हे पहिल्याच भेटीत आरसा हातात देऊन दाखवायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पूर्ण परिणाम दिसायला बारा आठवडे लागले. लघवीची घाई कमी झाली, रात्री तीनदा उठायचे ते एकदा उठू लागले. नऊ महिन्यांत जंतुसंसर्ग एकदाच झाला, तोही मधल्या काळात मी क्रीम सोडलं होतं तेव्हा. याला जुना भक्कम आधार आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्या बायकांना वारंवार लघवीचा संसर्ग व्हायचा त्यांना योनीमार्गात इस्ट्रिऑल क्रीम दिलं गेलं, आणि संसर्गाचं प्रमाण दर बाईमागे वर्षाला ५.९ वेळांच्या जागी ०.५ वर राहिलं. तीस वर्षांपूर्वीची ही माहिती असून मला अँटिबायोटिक्सचे तीन कोर्स का घ्यावे लागले?

संबंधांबद्दल लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते, कारण बायका नेमकं हेच विचारू शकत नाहीत. क्रीम म्हणजे वंगण नव्हे. ते संबंधाच्या आधी लावायचं नाही, नाहीतर जोडीदाराच्या त्वचेतूनही शोषलं जातं. त्यासाठी वेगळं, पाण्यावर आधारलेलं वंगण वापरायचं. काही क्रीममधल्या तेलकट घटकांनी लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो, हेही लक्षात असू द्या. अस्तर सुधारलं तरी माझं अंग आखडणं लगेच गेलं नाही. दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायची सवयच लागली होती. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे सहा वेळा गेले, स्नायू सैल सोडायला शिकले. आणि एका रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मला वाटत होतं तुला मी नकोसा झालोय.” आम्ही दोघंही रडलो. सातव्या महिन्यात पहिल्यांदा काहीही दुखलं नाही.

या औषधाने काय होत नाही, तेही सांगते. ज्यांना वाफा येतात, झोप लागत नाही, त्यांना याचा उपयोग नाही, कारण औषध बाकीच्या शरीरात पुरेसं पोहोचत नाही. हाडांनाही त्याचा फायदा नाही. खोकताना-शिंकताना माझी लघवी थोडी निसटायची, तिच्यात क्रीमने फरक पडला नाही, व्यायामाने पडला. शिवाय क्रीमचा पसारा होतो. दुसऱ्या दिवशी पातळ पॅड लागतं. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी आत ठेवायच्या छोट्या गोळ्या आहेत, आणि तीन महिने आत राहणारी मऊ रिंगही आहे.

सहाव्या आठवड्यात कपड्यावर गुलाबी डाग दिसला. छातीत धस्स झालं. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर ते कितीही थोडं असो, क्रीममुळे असेल असं समजून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी फोन केला, सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर ३ मिलिमीटर निघालं. अशा वेळी ४ मिलिमीटरपर्यंतच्या अस्तरात कर्करोगाची शक्यता फार कमी असते. तपासणीत तोंडाशी ॲप्लिकेटरने झालेला ओरखडा सापडला. इतक्या कमी मात्रेला गर्भाशयाच्या रक्षणासाठी वेगळं प्रोजेस्टेरोन घ्यावं लागत नाही, पण डाग दिसला तर तपासणी हवीच, यावर डॉक्टर ठाम होत्या.

पाचव्या महिन्यात मी मोठी चूक केली. सगळं छान चाललंय, आता कशाला, म्हणून क्रीम बंद केलं. महिनाभर काही जाणवलं नाही. सहाव्या आठवड्यात शिवण पुन्हा टोचू लागली आणि पाठोपाठ तो एक जंतुसंसर्ग आला. शरीरात इस्ट्रोजेन परत तयार होत नाही, त्यामुळे औषध थांबलं की अस्तर पुन्हा पातळ होतं. आता सोमवार आणि गुरुवार ठरलेत, कॅलेंडरवर बारीक टिंब करते, आणि वर्षातून एकदा तपासून घेणार आहे.

माझ्या ताईला हाच त्रास आहे, माझ्याहून जास्त. पण तिला तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला आणि ती लेट्रोझोल घेते. त्या औषधाचं कामच शरीरातलं इस्ट्रोजेन अगदी तळाला नेणं हे आहे, तेव्हा माझी ट्यूब तिला देणं हा प्रश्नच येत नाही. तिला आधी हायल्युरॉनिक ॲसिडचं, संप्रेरक नसलेलं मॉइश्चरायझर दिलंय, ते ती दर तीन दिवसांनी लावते. थोडा आराम आहे, पुरेसा नाही. अशा बायकांनाही कधीकधी कमी मात्रेचं इस्ट्रोजेन देतात, पण ते कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीने आणि सगळे उपाय करून झाल्यावरच. हे तिला सांगितलं तर म्हणाली, “त्यांच्यासमोर हा विषय काढायला जीभच उचलत नाही गं.” पुढच्या मंगळवारी तिची तपासणी आहे. प्रश्न मी कागदावर लिहून दिलेत, आणि मी सोबत जाणार आहे.