टीव्हीटी की टीओटी? लघवी गळण्यावरच्या टेपची पारख

खोकलं, शिंकलं, पाण्याची कळशी उचलली की लघवी निसटते आणि तीन महिने नेमाने केलेल्या कीगल व्यायामानेही (योनी-मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू आवळून सोडणं) फरक पडलेला नाही, अशा बाईसाठी ही टेप आहे. टीव्हीटी आणि टीओटी या ती शस्त्रक्रियेने बसवण्याच्या दोन पद्धती. एकदम घाई लागून बाथरूमपर्यंत पोहोचता येत नाही, हे मुख्य दुखणं असेल तर आधी त्यावर उपचार घ्या; टेपने ती घाई कधी वाढतेही.

टेप म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या एकेरी धाग्याची जाळीदार पट्टी, सुमारे 1 सेंटीमीटर रुंद. योनीच्या पुढच्या भिंतीवर जेमतेम दीड सेंटीमीटरचा छेद घेऊन ती मूत्रमार्गाच्या मध्यभागाखाली ठेवतात. स्वीडनचे डॉक्टर उल्मस्टेन यांच्या टीव्हीटीत तिची टोकं ओटीपोटावर निघतात. 2001 साली फ्रेंच सर्जन देलोर्म यांनी मांडलेल्या टीओटीत जांघांत.

सगळं यश टेप किती सैल राहते यावर. टेप आणि मूत्रमार्ग यांच्यात कात्री धरूनच वरचं प्लास्टिकचं आवरण ओढायचं असतं. कात्री आधी काढली की आवरणासोबत टेपही ताणली जाते, दोरीसारखी वळते आणि लघवी तुंबते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत कळलं तर टेप खाली ओढून सैल करता येते. पुढे मांस धरलं की कापावीच लागते. म्हणून घरी सोडण्याआधी, लघवी करून झाल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी मोजून घ्या. 150 मिलीच्या वर असेल तर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी.

टीव्हीटीत टेप ओढून नेणारी सुई लघवीच्या पिशवीत (मूत्राशयात) घुसू शकते. पिशवी पाण्याने फुगवून, सुई जागेवर असतानाच दुर्बिणीने पाहिलं तर सुई काढून पुन्हा घालता येते, दोन-एक दिवस कॅथेटर ठेवला की भागतं. पाहायचं राहिलं तर त्या टेपवर खडा धरतो. जो सर्जन ‘दुर्बिणीची गरज नाही’ म्हणतो, त्याच्याकडे टीव्हीटी करू नये. टीओटीत हा धोका कमी, पण जांघेतली कळ काहींना महिनोन्‌महिने सोडत नाही आणि तिथली टेप पुरती काढणं महाकठीण. मूत्रमार्गाची झडपच दुबळी असेल तर टीव्हीटी सरस.

काही जणींत टेप योनीत उघडी पडते: स्राव, रक्ताचे डाग, नवऱ्याला टोचणं. जाळीच्या अशाच तक्रारींवरून 2018 मध्ये ब्रिटनने तिचा वापर थोपवला. जाळी नकोच असेल तर पोटाच्या स्नायूवरच्या स्वतःच्या पडद्याची पट्टी हा जुना, भरवशाचा पर्याय. छेद मोठा, लघवी सुरळीत व्हायला वेळ जास्त.

अजून मूल हवं असेल तर टेप बाळंतपणानंतरच.