व्हिएन्नाचे एस्पेरांतो संग्रहालय: फसलेल्या भाषांचे जपलेले घर

मुलीच्या नोकरीमुळे गेल्या वर्षी व्हिएन्नामध्ये दोन महिने राहण्याचा योग आला. राजवाडे, चित्रदालने आणि चर्च पाहून झाल्यावर एका गुरुवारी मी एकटीच हेरेनगासे या रस्त्यावरच्या ९ क्रमांकाच्या इमारतीत गेले. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे एस्पेरांतो संग्रहालय तेथे आहे. एस्पेरांतो ही सर्व जगाने बोलावी म्हणून एका माणसाने घडवलेली भाषा. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्यामुळे माणसाने टेबलाशी बसून घडवलेली भाषा कशी असते, याचे मला मनापासून कुतूहल होते. दीड तासात पाहून होईल असे संग्रहालय मी चार तास पाहिले आणि परत येण्यापूर्वी मुलीला घेऊन पुन्हा गेले. मराठी वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर त्याने ते चुकवू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी व्यवहाराचे सांगते. हेरेनगासे याच नावाचे भूमिगत रेल्वेचे स्थानक अगदी जवळ आहे. हे संग्रहालय आणि त्याच इमारतीतले पृथ्वीगोलांचे संग्रहालय दोन्ही एकाच तिकिटात पाहता येतात. मी गेले तेव्हा गुरुवारी रात्री नऊपर्यंत दारे उघडी होती. संध्याकाळी गर्दी नसते आणि प्रत्येक वस्तूपुढे मनसोक्त उभे राहता येते. जागा लहान आहे, त्यामुळे भव्यतेची अपेक्षा ठेवून जाऊ नये. पडद्यावरच्या खेळातून एस्पेरांतोचे व्याकरण शिकण्याची सोय आहे, तिच्यात मुले चांगली रमतात. मात्र आधी थोडे वाचून गेल्यास इथल्या काचेआडच्या कागदांचे मोल कळते, नाहीतर ते केवळ जुने कागद वाटण्याचा संभव आहे.

ह्यूगो श्टाइनर या अधिकाऱ्याने 1927 मध्ये या संग्रहालयाची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय ग्रंथालयाला जोडले गेले. नाव एस्पेरांतोचे असले तरी येथे शेकडो घडवलेल्या भाषांचा दप्तरखाना आहे. बाराव्या शतकातील जर्मन संन्यासिनी हिल्डेगार्ड हिने रचलेल्या गूढ शब्दांपासून दूरचित्रवाणीवरच्या परग्रहवासीयांसाठी बनवलेल्या क्लिंगॉनपर्यंत हा प्रवास जातो. यातील जवळजवळ प्रत्येक भाषा तिच्या कर्त्याने ठरवलेल्या उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही. तरीही एका ग्रंथालयाने ती आस्थेने जपावी, हे मला या जागेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटले. यशस्वी भाषा आपल्याला इतकी सवयीची झालेली असते की तिच्यात काय काय काम करते आहे ते दिसत नाही. फसलेल्या भाषेत मात्र कोणता सांधा निखळला ते स्पष्ट दिसते आणि त्यावरून आपल्या भाषेतला तो सांधा कोठे आहे हे कळते.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने झालेला सर्वांत मोठा प्रयत्न इंग्लंडच्या जॉन विल्किन्सचा. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी हा एक विद्वान धर्मगुरू होता. जगातील सगळ्या वस्तू आणि कल्पना चाळीस वर्गांत बसवायच्या, प्रत्येक वर्गाला अक्षरे द्यायची, पोटवर्गासाठी पुढचे अक्षर जोडायचे, म्हणजे शब्द उच्चारताच वस्तूचे स्वरूप कळेल, अशी त्याची योजना होती आणि ती त्याने 1668 मध्ये छापून प्रसिद्ध केली. त्याच्या भाषेत ‘दे’ म्हणजे मूलतत्त्व, ‘देब’ म्हणजे मूलतत्त्वांपैकी अग्नी आणि ‘देबा’ म्हणजे त्या अग्नीची ज्वाला. पंचमहाभूतांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही रचना पहिल्या क्षणी फार सुबक वाटते. पण पुढच्या शतकात रसायनशास्त्राने अग्नीला मूलतत्त्वांच्या यादीतून काढले आणि ‘देब’ हा शब्दच चुकीचा ठरला. देवमाशाला त्याने माशांत घातले होते, तोही शब्द पुढे टिकण्यासारखा नव्हता. मराठीत मात्र सूर्य फिरत नाही हे कळल्यावरही आपण ‘सूर्य उगवला’ म्हणतो आणि त्यात कोणाचे काही अडत नाही, कारण आपला शब्द सिद्धान्ताला बांधलेला नसतो. शब्दाचा हा सैलपणा भाषेचा दोष आहे असे मी वर्गात कित्येकदा सांगितले आहे. विल्किन्सविषयी वाचल्यानंतर आणि येथे येऊन गेल्यानंतर मी ते पुन्हा सांगणार नाही. शिवाय त्याच्या भाषेत जवळच्या अर्थाचे शब्द एका अक्षरानेच वेगळे होतात. ‘दूध’ ऐवजी चुकून ‘दूर’ ऐकू आले तर मराठी माणूस संदर्भाने लगेच सावरतो. पण दूध आणि दही यांच्यात एकाच अक्षराचा फरक असता तर ऐकणाऱ्याला चूक झाल्याचा पत्ताही लागला नसता.

फ्रांस्वा स्यूद्र या फ्रेंच संगीतशिक्षकाच्या सोलरेसोल भाषेकडे वळताना मला आपल्या सरगमची आठवण होणे स्वाभाविक होते. सात सुरांची नावे एवढीच तिची अक्षरे, म्हणून ती बोलता, गाता किंवा वाद्यावर वाजवता येई. शब्द उलटा केला की अर्थ उलटा होत असे. ‘मि-सोल’ म्हणजे चांगले आणि ‘सोल-मि’ म्हणजे वाईट. आपल्या सुरांत मांडायचे तर ग-प शुभ आणि प-ग अशुभ, सा-ग-प म्हणजे ईश्वर आणि प-ग-सा म्हणजे सैतान. आरोह-अवरोहाचे संस्कार झालेल्या कानाला हे पटणे अवघड आहे. ही भाषा फारशी कोणी वापरली नाही, म्हणून तिच्याविषयी इतकेच पुरे.

खरी शोकान्तिका फोलाप्यूकची आहे आणि या संग्रहालयात मी सर्वांत अधिक वेळ तिच्याजवळ घालवला. दक्षिण जर्मनीतील लिट्सेलश्टेटन या गावचा कॅथलिक धर्मगुरू योहान मार्टिन श्लायर याने 1879 मध्ये ती घडवली. ‘फोल’ म्हणजे जग आणि ‘प्यूक’ म्हणजे बोली. हे दोन्ही शब्द इंग्रजीतील ‘वर्ल्ड’ आणि ‘स्पीक’ यांवरून घेतले आहेत असे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही, इतके ते कापून-छाटून बसवलेले आहेत. ‘र’ चा उच्चार काही लोकांना जड जातो म्हणून त्याने ‘र’ टाळला, त्यामुळे ‘रोझ’ या गुलाबाचा झाला ‘लोल’. हेतू उदार, परंतु परिणाम असा की ओळखीचे शब्द सर्वांनाच सारखे अनोळखी झाले. असे असूनही दहा वर्षांत शेकडो मंडळे आणि पंचवीसच्या आसपास नियतकालिके उभी राहिली आणि 1889 च्या पॅरिस परिषदेचे सारे कामकाज फोलाप्यूकमध्येच चालले. आपल्या दृष्टीने ही भाषा विचित्र असेल, पण त्या काळच्या शिक्षक, पाद्री आणि व्यापारी मंडळींना जगाशी थेट बोलण्याची किती आस होती, हे या आकड्यांवरून कळते.

मग ती कोसळली कशाने? व्याकरण सोपे करावे अशी मागणी झाली. ओगुस्त केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली भाषेची अकादमी नेमली गेली आणि तिच्या निर्णयावर आपला नकाराधिकार असावा असा आग्रह श्लायरने धरला. भाषा आपली निर्मिती आहे, म्हणून ती आपली मालमत्ता आहे, अशी त्याची श्रद्धा होती. तो स्वार्थी मुळीच नव्हता. पण बोलणाऱ्यांनी भाषा हातात घेतली की ती कर्त्याची राहत नाही, हे त्याला मान्य करता आले नाही आणि काही वर्षांतच मंडळे फुटली. न्यूरेम्बर्गचे मंडळ तर 1888 मध्येच एस्पेरांतोकडे गेले. आज डॅनिश भाषेत अगम्य बडबडीला ‘फोलाप्यूक’ म्हणतात. एका माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टांचे असे व्हावे, याचे मला खरोखर वाईट वाटले.

भाषा कर्त्याची राहत नाही, हे लुडविक झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरने मात्र आधीच ओळखले होते. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील बियावीस्तोक या गावी तो 1859 मध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. तेथे पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू लोक शेजारी राहूनही परस्परांना परके मानत, हे त्याने लहानपणी पाहिले होते. 1887 मध्ये ‘डॉक्टर एस्पेरांतो’ म्हणजे ‘आशा बाळगणारा डॉक्टर’ या टोपणनावाने त्याने पहिली पुस्तिका काढली आणि तिच्यातच भाषेवरचे आपले सर्व हक्क सोडून ती सर्वांची मालमत्ता असल्याचे जाहीर केले. फक्त 16 नियम आणि काही शे धातू. ‘सान’ म्हणजे निरोगी, त्याला विरोधी अर्थाचा ‘माल’ लावला की रोगी, ‘उल’ लावला की रोगी माणूस, ‘एय’ लावला की त्याची जागा, आणि शेवटी नामाचा ‘ओ’. असा ‘माल्सानुलेयो’ म्हणजे रुग्णालय. मुलीला मी हा शब्द तुकडे पाडून समजावला, तेव्हा ती म्हणाली, “आई, हे तर तुझ्या रुग्ण अधिक आलय सारखेच झाले की!” तिचे खरे होते, आणि संस्कृत समास शिकवताना असे एखादे उदाहरण माझ्या हाताशी असते तर बरे झाले असते.

तर्काने अधिक चांगली भाषा जिंकतेच असे नाही, हे पुढच्या प्रकरणातून दिसते. 1907 मध्ये काही विद्वानांनी एस्पेरांतोतील खुणांची अक्षरे आणि कर्माची सक्तीची विभक्ती काढून ‘इदो’ ही सुधारित भाषा पुढे केली. पुष्कळ पुढारी तिकडे गेले, सामान्य बोलणारे मात्र जुन्याच भाषेला चिकटून राहिले, कारण तिच्यात त्यांची पत्रे, कविता आणि मैत्र्या होत्या. आपल्याकडे सावरकरांनी पुरस्कारलेल्या ‘अ’च्या बाराखडीचे असेच झाले. ‘इ’ऐवजी ‘अि’ आणि ‘उ’ऐवजी ‘अु’ लिहिल्याने छपाईचे खिळे वाचत होते, तर्कही निर्दोष होता आणि जुन्या छपाईत ती लिपी आजही पाहायला मिळते. परंतु वाचणाऱ्याच्या डोळ्याला लागलेली सवय त्या तर्कापेक्षा बळकट निघाली.

राजकारणातले अपयश तर अधिकच बोलके आहे. बेल्जियम, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या सीमांच्या बेचक्यात मोरेस्ने नावाचा अवघा साडेतीन चौरस किलोमीटरचा तटस्थ प्रदेश होता. जस्ताच्या खाणीवरून नेदरलँड्स आणि प्रशिया या दोन राज्यांत तडजोड होईना, म्हणून तो तसाच राहिला होता. तेथल्या डॉक्टर विल्हेल्म मॉली यांनी 1908 मध्ये त्याचे एस्पेरांतो राज्य करण्याचा प्रयत्न केला. नाव ठेवले ‘आमिकेयो’, म्हणजे मैत्रीचे स्थान. पहिले महायुद्ध झाले आणि व्हर्सायच्या तहाने तो तुकडा बेल्जियमला मिळाला. त्या युद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघातही हेच घडले. राष्ट्रसंघाचे उपमहासचिव असलेले जपानचे निटोबे इनाझो यांनी 1921 ची प्राग येथील एस्पेरांतो परिषद स्वतः पाहून अनुकूल अहवाल दिला होता, तरीही शाळांतून ही भाषा शिकवण्याचा प्रस्ताव फ्रान्सच्या विरोधापुढे टिकला नाही. मुत्सद्देगिरीची भाषा म्हणून फ्रेंचचे जे स्थान होते त्याला धक्का लागू नये, एवढीच त्यामागची काळजी होती. म्हणजे येथे व्याकरणात खोट नव्हती. सत्ता ज्यांच्या भाषेत चालत होती त्यांना दुसरी भाषा नको होती.

हुकूमशहांनी तर या दुबळ्या भाषेला शत्रूच मानले. 1938 मध्ये नाझींनी हे संग्रहालय बंद केले आणि श्टाइनर यांना अटक झाली. ते पुन्हा उघडले 1947 मध्ये. झामेनहोफची तिन्ही मुले नाझींनी मारली. स्टालिनच्या राजवटीत सोव्हिएत एस्पेरांतोवाद्यांची धरपकड झाली आणि त्यांचा नेता एर्नेस्ट द्रेझेन याला 1937 मध्ये गोळी घालण्यात आली. ज्या भाषेकडे सैन्य नाही, राज्य नाही, तिचे इतके भय का वाटावे? मला वाटते, सीमेपलीकडच्या अनोळखी माणसाला कोणाच्या परवानगीशिवाय पत्र लिहिता येणे, हेच त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर बराच वेळ माझ्या मनात हाच विचार घोळत होता.

मराठी वाचकाला या कथेत आपला एक धागाही सापडतो. आचार्य विनोबा भावे यांनी भूदानाच्या काळात एस्पेरांतो शिकून घेतली होती आणि ती शिकवायला युगोस्लाव्हियाचे तिबोर सेकेली त्यांच्याकडे आले होते. भारतातील सगळ्या भाषांनी नागरी लिपीही वापरावी, हा विनोबांचा आग्रहसुद्धा सफल झाला नाही. जगाची म्हणून एस्पेरांतो कोणी स्वीकारली नाही, हे खरेच. पण आज तिच्या विकिपीडियावर तीन लाखांहून अधिक लेख आहेत आणि ही संख्या आपल्या मराठी विकिपीडियाच्या बरीच पुढे आहे. कोट्यवधी लोकांची मातृभाषा असलेल्या आपण याकडे जरा गंभीरपणे पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

मुलीबरोबरच्या भेटीत निघताना मी तिकिटातले पृथ्वीगोलांचे संग्रहालयही पाहिले. बहुतेक प्रवासी त्याच्यासाठीच येतात आणि कोरोनेल्ली या इटालियन नकाशाकाराच्या सतराव्या शतकातील भल्यामोठ्या गोलाभोवती कोंडाळे करून उभे राहतात. त्या गोलावर कॅलिफोर्निया हे एक स्वतंत्र बेट आहे, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेले. त्या बेटाचा किनारा कोणीतरी फार काळजीने, बारीक रेषेने काढला आहे. मुलगी वाकून ती रेष निरखत होती आणि मी तिला पुन्हा एकदा एस्पेरांतोच्या दालनाकडे चलण्याची विनंती केली, कारण दारे बंद व्हायला अजून अर्धा तास होता.