सोलापूर ते वसई किल्ला: सहल चांगली, क्रम चुकलेला

रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघायचं, पहाटे दादरला उतरून विरार लोकलने वसई रोड, तिथून रिक्षाने किल्ला, आणि रात्री पुन्हा सिद्धेश्वरनेच सोलापूर. इतिहासाची आवड असेल तर मार्गदर्शकासोबतची ही गटसहल जरूर करावी. फक्त मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवावं: सुरुवात चर्चपासून नको, भुईदरवाजाकडून करा.

कारण वसईचा निकाल जमिनीच्या बाजूनेच लागला. 1534 मध्ये हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी दहा बुरुजांच्या तटाआत अख्खं शहर वसवलं. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, त्यामुळे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेला उत्तरेकडूनच भिडावं लागलं. नुसत्या तोफांनी तट ढासळेना, म्हणून बुरुजांखाली सुरुंग खणले. काही सुरुंग उशिरा उडाले आणि चढाई करणारे मराठेच त्याखाली गाडले गेले. तरीही सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. हा बुरूज दुपारी, सगळे दमल्यावर, दोन मिनिटांत उरकला जातो. ही या सहलीची मोठी उणीव आहे.

चर्च मात्र मार्गदर्शक फार छान दाखवतो. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीतच कबरींच्या शिळा आहेत. त्यांवरची अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट वाचता येतात, डोक्यावर ऊन आलं की दिसेनाशी होतात. शिळांवर पाय देऊ नका. नळदुर्ग पाहिलेल्यांनी इथल्या कमानी मुद्दाम निरखाव्यात: तिकडे टोकदार, इकडे अर्धगोल. इथल्या घंटा पाहायच्या तर देवळांत जावं लागेल. विजयानंतर त्या मराठ्यांनी नेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यांपैकीच. ही गोष्ट मार्गदर्शक रंगवून सांगतो.

तटावर चढताना जपून. पिंपळाची मुळं चुन्याच्या सांध्यांत शिरून दगड सुटे झालेत, आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं. मनोऱ्यातला गोल जिना उघडा दिसला तरी चढू नका. सोलापूरचं ऊन कोरडं. इथे दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी हवंच. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी सुट्टीला खूप असते. त्यातून रविवारी लोकलचा ब्लॉक लागला तर सकाळचे तासच बुडतात, तेव्हा शुक्रवारी रात्री निघणारी तुकडी घ्या.